निर्वंश

माहीमच्या वाचनालयात पेपर वाचायला आलेली माणसं
मान वर करत नाहीत.
मी विचारलं, जुनी दप्तरं कुठे असतात?
गावंडबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.
"जागेचा दावा आहे का?"
नाही म्हटलं. नुसतीच आजी हवी आहे.
"मग थांबावं लागेल," त्या म्हणाल्या,
"दावेवाल्यांचं आधी."

थांबले. तीन गुरुवार.

हाताशी होतं एवढंच:
आईच्या तोंडचं एक नाव, ठकू,
आणि 'विहिरीच्या अंगाला' असा पत्ता.
मलेरियाच्या साली बुजवलेल्या विहिरीला
अंग कुठलं?
ठकू हे माहेरचं.
सासरी ताटातल्या तांदळात अंगठीने काय लिहिलं
आठवणारं कुणी उरलं नाही.
बायकांचा माग काढायचा
तर आधी ते ताट सापडायला हवं,
आणि ते तांदूळ तर दुसऱ्याच दिवशी
शिजले असणार,
कुणीतरी वाढले असणार,
बहुतेक तिनेच.

चौथ्या गुरुवारी बाईंनी कपाट उघडलं.
वर्गणीदारांचं पुस्तक, कसरीने खाल्लेलं,
एका सालाच्या भोकातून
पुढच्या सालातली नावं दिसतात.
धाकजी जनार्दन चुरी, छापखान्यात खिळे जुळारी.
वर्गणी दोन आणे. थकीत.
पुढच्या महिन्यात थकीत.
त्याच्या पुढच्या महिन्यात
शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षर:
क्र. २१७, पुस्तक मुलीने आणून दिले.

मी त्या ओळीवर बोट ठेवलं.
"बोट नाही! पट्टी लावा."

ज्ञातीची संस्था दादरला,
लग्नाच्या हॉलच्या वर, एकच खोली.
खालून मसालेभाताचा वास
आणि माइकवर, मुलीच्या मामांनी लवकर यावं.
भिंतीवर गेलेले अध्यक्ष, हार प्लास्टिकचे.
सावे नावाच्या गृहस्थांनी
कापडावर डकवलेली वंशावळ उलगडली,
चार कोपऱ्यांवर चार पेपरवेट,
एक कमी पडला, तिथे माझा हात.
मूळपुरुष वर, खाली पोरं, नातू, पणतू,
सगळे पुरुष एकमेकांना लोंबकळत.
धाकजीपाशी रेघ थांबलेली.
खाली काहीतरी लाल.
हात उचलला तर सुवाच्य अक्षरात:
निर्वंश.

शाई जुनी होती, तरी तळहात पाहून घेतला.

सावे अवघडले.
"तसं नाही हो. मुलगा नव्हता, एवढंच.
लिहायची पद्धत असते."
चहा मागवला. साखर जास्त झाली होती.
"दुरुस्ती होते. अर्ज, दोन साक्षीदार,
पन्नास रुपये, आणि पुरावा.
कार्यकारिणी दिवाळीनंतर बसते."
मी मोबाइलवरचा फोटो दाखवला.
त्यांनी दोन बोटांनी ओळ मोठी केली,
अजून मोठी केली,
अक्षरांचे नुसते डाग होईपर्यंत.
"यात मुलीचं नाव कुठाय?"
खाली मामा आले होते बहुतेक,
सनई जोरात सुरू झाली,
त्यामुळे मी काय म्हटलं
ते मलाही ऐकू आलं नाही.

पुढच्या गुरुवारी गावंडबाईंना म्हटलं,
मला क्रमांक २१७ हवंय.
ते जुनं पुस्तक केव्हाच रद्दीत गेलेलं.
त्या क्रमांकावर आता
कुंड्यांतल्या भाज्या, दुसरी आवृत्ती.
तेच घेतलं.
वाचलंही. मिरचीला ऊन लागतं म्हणे.
मुदत उलटली, आठवण आली, दंड लागू झाला.

आज बाईंना फोन केला:
मला जमत नाही, पुस्तक घेऊन मुलगी येईल.
रजिस्टरमध्ये तिचं नाव लिहा. पूर्ण.
पलीकडे पानं चाळल्याचा आवाज.
"रकाना लहान आहे हो."

समासात चालेल, म्हटलं.