आरसा लहान आहे

बालरथ चालवतो मी, पिवळा, एकेचाळीस मुलांचा.
एकोणीस डिसेंबरच्या आठवडाभर आधी
हेडबाईंनी यादी दिली:
मैदानावर येऊ न शकणारी चार म्हातारी माणसं.
घेऊन या.

घेऊन या म्हणे.
बालरथाची पायरी गुडघ्याइतकी उंच.
ती मुलांसाठी नाही हे आधीच ठाऊक होतं,
म्हाताऱ्यांसाठीही नाही हे यादी वाचताना कळलं.
एक जण फोंड्याला लेकीकडे गेली होती, बरं झालं.
उरली तीन.
मी म्हटलं, बाई, मिरवणूकच वळवू या.
मैदानाला पाय नाहीत, मुलांना आहेत.

पुरसो नाईक नव्वदच्या पुढे,
किती पुढे ते कागदावर नाही.
दाढी झाल्याशिवाय झेंड्यासमोर बसणार नाही म्हणाला.
न्हावी गावाला गेलेला. मीच केली.
हनुवटीखाली वस्तऱ्याला एक जुना व्रण लागला.
हा कसला, विचारलं.
फणसाचा, म्हणाला. झाडावरून पडलो.
मला वाटलं होतं लाठीचा असेल,
मनातल्या मनात भाषणसुद्धा सुरू केलं होतं मी.

कायतान मिनेझिस, पूर्वी पोस्टात कारकून.
बाल्कांवात बसून म्हणाला,
या, पण बॅण्ड माझ्या दारात नको.
त्या दिवशी टपालाची पिशवी घेऊन मी उभा,
आणि शिक्का कुणाचा मारायचा
हे सांगायला कुणीच नव्हतं.
संध्याकाळपर्यंत उभा होतो.

त्याच्या दारात बॅण्ड थांबला, नुसते पाय वाजले.
नाताळासाठी केलेलं दोदोल त्यानं कापलं,
सुरी गरम पाण्यात बुडवून,
एकेचाळीस तुकडे, मोजून.
कारकूनच तो.

जयवंती गावडे खाटेवरून उठत नाही.
खिडकी उंच, तिथून दिसतो माडाचा शेंडा
आणि विजेची तार.
म्हणाली, गेल्या वर्षी सगळं ऐकलं मी.
ऐकूनच काढलं रे सगळं.
बाणस्तारीचा पूल उडाला तोही ऐकलाच,
चुलीपुढे, हातात नारळाची कवड,
सासऱ्यानं दार लावून घेतलेलं.
बाहेर काय झालं ते पुरुषांनी सांगितलं,
प्रत्येकानं वेगळं.

आदल्या रात्री बसचा डावा आरसा काढला.
दोन बोल्ट, दहा नंबरचा पाना.
खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधला,
ती खाटेवरून सांगत राहिली:
वर. अंमळ खाली. आता रस्ता आला.
आता तुझं पोट आलं, बाजूला हो.

सकाळी ढोल आधी आला, मग मुलं.
मी तिच्या उशाशी, उलटं बघत.
ढोलवाला डावखुरा झाला,
फलकावरची अक्षरं वाचता येईनात,
झेंडा नदीकडे फडकायचा तो डोंगराकडे फडकला.
पण केशरी वरच. हिरवा खालीच.
तेवढं आरशाला बदलता येत नाही.

ती काही बोलली नाही.
मग एकदम माझं मनगट धरलं.
अरे, पळतात कशाला ती?
हळू चाला म्हणावं. आरसा लहान आहे.

मी दारात जाऊन ओरडलो.
मुलं मागे फिरली, पुन्हा आली,
या खेपेला इतकी हळू
की ढोलाचा ठेका मोडला
आणि सगळ्यात मागची पहिलीतली पोर
चालायचं विसरून खिडकीकडे बघत उभी राहिली.
जयवंतीबाईनं पूर्ण बघून घेतली तिला.

आरसा अजून तिथेच आहे.
बसला नवा बसवला, पदरच्या पैशांनी.
रोज सात-दहाला त्या वळणावर मी वेग कमी करतो.
मुलं विचारतात, खड्डा नाही, गाय नाही, ब्रेक कशाला?
परवा उशीर झाला होता, तसाच निघून गेलो.
संध्याकाळी तिचा निरोप:
आज नुसतं पिवळं दिसलं.