वीस मिनिटं

दिवाळे गावचे हसुराम कोळी
पाय स्टुलावर ठेवतात, पट्टी मी सोडवते.
ओहोटीला कालवं काढताना टाचेत शिरलेली धार;
सहावा आठवडा. कडा अजून पिवळसर,
वासही आहेच, बोलत नाही कुणी.

मी यंत्र जवळ ओढते, टायमर फिरवते.
"पेटलाय का नाय गो?"
पेटलंय, काका.
"मना तं काय दिसत नाय."
कुणालाच नाही दिसत, हा उजेड तसलाच.
ते बघतात माझ्याकडे,
काट्यात खोट असलेल्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसे.

मग मी मोबाइलचा कॅमेरा धरते समोर:
पडद्यावर जांभळट ठिपके, ओळीनं.
ते पुढे वाकतात, पाय विसरून.
"अगो, काळोखान वल्हा मारला का
खाडीचा पानी आसाच पेटतं!"

रिपोर्ट माझ्या टेबलावर आहे.
सहापैकी चार औषधांना जंतू भीक घालत नाहीत.
डॉक्टर म्हणाले, गोळ्या थांबवायच्या नाहीत,
साखर आटोक्यात ठेवा,
उजेडानं काय होतं ते बघू.
बघू, एवढंच म्हणाले.

बेलापूरच्या या दुसऱ्या मजल्यावर
खिडकीला काळी काच.
टायमर वाजतो. "जरा थांब, इजवू नको."
मी आणखी मिनिटभर मोबाइल धरून ठेवते,
यंत्र केव्हाच बंद झालंय, ठिपकेही गेलेत,
ते बघतायत तरी.

वहीत जखमेची लांबी लिहायची असते.
एकतीस मिलिमीटर. एकतीस. एकतीस.
आज तीस.
पट्टी तिरकी धरली गेली असेल.
पुन्हा मोजत नाही.