या आठवड्यात जिना तुमच्याकडे

ग्लासगोच्या पूर्वेला लाल दगडाची इमारत,
पहिला मजला, डावीकडचं दार.
इशबेल मॅकार्थर, वय तेवीस,
उजव्या हातानं किल्ली धरते, डाव्यानं ढकलते,
आणि मधे एकदा कुलपाला शिवी देते.
शिवी मी शिकवलेली नाही.

मंगळवार-शुक्रवार, दहा ते एक,
मी तिच्याकडे.
माझ्या फॉर्मवर एकोणतीस चौकोन.
अंडं उकडणे. विजेच्या मीटरमध्ये पैसे भरणे.
अनोळखी माणसाला दार न उघडणे.
प्रत्येकापुढे तीन पर्याय:
जमतं, मदतीनं जमतं, जमत नाही.
चौथा हवा होता.
जमतं, पण बघवत नाही.

कारण एक कांदा चिरायला तिला अकरा मिनिटं लागतात
आणि बोटं सुरीच्या फार जवळ असतात.
पहिल्या महिन्यात माझे हात असे शिवशिवायचे
की मी स्वयंपाकघरातही कोट काढायचो नाही.
खिसे हवे होते.
पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही म्हणतात.
हे नक्की काठावरच्या कुणीतरी म्हटलं असणार,
टॉवेल धरून धरून हात दुखलेल्या.

तिची आई मला फोन करते. जेवली का ती?
मी म्हणतो, तिलाच विचारा ना.
पलीकडे बराच वेळ नुसता टीव्हीचा आवाज.
तेवीस वर्षं ज्याचं उत्तर आपणच दिलं
तो प्रश्न आता विचारायचा कसा,
याला माझ्याकडे चौकोन नाही.

नोव्हेंबरात पातेलं जळालं.
अलार्म किंचाळला, सगळी इमारत फुटपाथवर,
कुणी सपातांत, कुणी ओल्या केसांनी,
वरच्या मजल्यावरच्या मिसेस गॅलब्रेथ
पक्ष्याच्या पिंजऱ्यासकट.
इशबेलच्या हातात ते काळं पातेलं.
"बटाटे होते," ती म्हणाली, ज्याला त्याला, एकेकाला.

मला वाटलं, झालं. आता तक्रारीचं पत्र येणार.

आलं ते कार्ड.
दाराच्या मुठीला सुतळीनं टांगलेलं,
कोपरे हात लागून लागून मऊ पडलेले:
या आठवड्यात जिना तुमच्याकडे. झाडून, पुसून.
मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेलो,
समजावायला. तिचे पाय, तिचा तोल, नियम, विमा.
मिसेस गॅलब्रेथनी सगळं ऐकून घेतलं.
"राहते ना इथं?" म्हणाल्या,
आणि पक्ष्याला थंडी लागेल म्हणून दार लावलं.

बादली अर्धीच भरायची, हे इशबेलनं स्वतः ठरवलं.
पायरीवर बसली, समोरची पायरी पुसली,
मग बादली खाली, मग स्वतः खाली.
अशा सोळा.
तळमजल्यावरून कुणीतरी सायकल खांद्यावर घेऊन वर आलं,
"पाय वर," तिनं दरडावलं, जसं काही
आयुष्यभर हेच करत आली आहे.
एक वाजला. माझी वेळ संपली.
दीड वाजला.
"तू धुतलेल्यावर उभा आहेस," ती मला म्हणाली.
मी बाहेर जाऊन उभा राहिलो.
काचेतून दिसत होतं, चौथ्या पायरीचा कोपरा राहिलाय,
एक राखाडी त्रिकोण, टोस्टच्या तुकड्याएवढा.
मी काही बोललो नाही.
खिशात जुनी बसची तिकिटं होती,
त्यांचा पार भुगा झाला.

पुढच्या शुक्रवारी कार्ड समोरच्या दारावर लावायचं होतं.
सुतळी मुठीत अडकेना. एकदा पडलं. दोनदा.
तिसऱ्यांदा तिनं सरळ दारच वाजवलं.
मिस्टर पोलक रात्रपाळी करून झोपलेले,
बनियनवर आले, डोळे चोळत.
तिनं कार्ड त्यांच्या हातात ठेवलं.
"आता तुमच्याकडे," म्हणाली.
"नीट करा. चौथीवर कोपरा राहतो."