चाती

डॉक्टर प्राइस वेल्सचे. वाक्याचं शेपूट
उचलून धरायची सवय त्यांना.
पडद्यावर माझं डोकं, राखाडी,
आणि त्यात मधोमध एक नळी.
म्हणाले, नेहमीचा फुगा नाही हा.
फुग्याला देठ असतो, देठाशी त्याला मिटवता येतं.
ही नळीच सुजलीये, चहूबाजूंनी,
पोटाला जाड, दोन्ही टोकांना निमुळती, जशी...
हवेत हातानं आकार काढत राहिले.

चाती, मी म्हटलं.

हेमांगीनं वळून पाहिलं. काय, आई?
नॉटिंगहॅमला जन्मलेल्या पोरीच्या मराठीत
भाकरी आहे, देवपूजा आहे,
चाती नाही.

दुर्मीळ आहे, म्हणाले डॉक्टर.
माझ्या वाट्याला दुर्मीळ असं
हे पहिलंच आलं.

मी इचलकरंजीची. बापाच्या मागावर
कापडात भोक म्हणजे गुन्हा, रोजंदारीतून वजा.
लग्न होऊन इथं आले, बीस्टनच्या कारखान्यात
लेस तपासायला बसले, एकतीस वर्षं.
काळ्या फळ्यावरून पांढरी जाळी ओढायची,
सुटलेला टाका दिसला की खडूची खूण.
डॉरीन शेजारी बसायची, पहिल्याच दिवशी म्हणाली,
धागा बघू नकोस गं, भोकं बघ,
गिऱ्हाईक भोकांचेच पैसे देतं.
मला हसू आवरेना. बापाला पत्रात
हे कसं लिहायचं?

डॉक्टरांनी काचेच्या नळीत स्टेंट आणला.
नखाएवढा, तारांचा. मी पर्समधून भिंग काढलं.
अठ्ठेचाळीस तारा, एक वरून, एक खालून.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
टोकाशी जरा विरळ आलीये वीण, मी म्हटलं.
ते हसले. मग भिंग मागून घेतलं
आणि खिडकीपाशी जाऊन स्वतः पाहिलं.
आत नेऊन उघडताना दाबून बसवतो, म्हणाले,
घट्ट होते.

बाजूला बारीक बारीक फांद्या आहेत,
त्यांच्यावर तुमचं गिळणं, तुमचा श्वास.
त्यांना भोकांतून रक्त मिळत राहील,
आणि सुजेला मिळणार नाही, म्हणजे आशा अशी.
आशा हा शब्द त्यांनी हळू उच्चारला.
नंतर आकडे सांगितले, शंभरात इतके, इतके.
हेमांगीनं लिहून घेतले. मी नाही ऐकले.
सही मात्र वाकडी आली.

जांघेतून शिरले. पोटावरून, काळजाला वळसा घालून,
मानेतून वर. माझ्याच आतला रस्ता,
मी कधी न गेलेला,
आणि त्याही वेळी मला झोपवलेलं.
उठले तेव्हा सिस्टर विचारत होती, वर्ष कोणतं?
मी मराठीत सांगितलं. तिनं लिहून घेतलं
की पेशंट गोंधळलेला आहे.

जांघेत थालीपीठाएवढा जांभळा डाग.
रक्त पातळ करायच्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ.
कोथिंबीर चिरतानाही हेमांगी सुरी काढून घेते.

सहा महिन्यांनी पुन्हा पडदा.
चाती तिथंच. मला वाटलं होतं, जाईल.
पण आत सोडलेला रंग आता तिच्यात रेंगाळतो,
म्हणाले डॉक्टर, आणि हे चांगलं लक्षण.
तारांवर हळूहळू कातडी धरेल,
वर्ष लागेल, कदाचित दोन.
पक्कं विचारलं तर खांदे उडवले त्यांनी.
बरं वाटलं मला. डॉरीनही
पूर्ण ठाण उलगडल्याशिवाय
पास म्हणायची नाही.

परतताना ट्राममधून लेस मार्केटच्या कमानी दिसल्या,
आत फ्लॅट झालेत आता, खिडक्यांना पडदेही नाहीत.
घरी हेमांगीनं विचारलं,
चाती म्हणजे नक्की काय गं?
पेन्सिल घेतली, तिच्यावर लोकर गुंडाळत गेले,
मधे जाड, टोकांना कमी,
आणि दोन बोटांत धरून फिरवली.

एवढंच? म्हणाली.

एवढंच, मी म्हटलं,
आणि पेन्सिल फिरायची थांबेपर्यंत
आम्ही दोघी
तिच्याकडे बघत बसलो.