बाद दाणा

लक्ष्मीपुरीत, धान्य बाजाराच्या मागच्या बोळात
मगदूमांची वखार. तिथं आई शेंगदाणे निवडायची.
पोत्याला अकरा रुपये,
आणि बाद दाणा घरी न्यायला फुकट.

सुरकुतलेला बाद. काळा पडलेला बाद.
कोंबापाशी हिरवट भुकटी धरलेला, तो तर बघायचाच नाही.
बोटं आपली आपण निवडायची,
तोंडानं ती आक्काताई खोताशी भांडत असायची
नळाच्या पाळीवरनं.

खवट दाण्याचं तिला भ्या नव्हतं.
"कडू हाय त्यो सांगून येतोय," म्हणायची,
"थुकायचा, वर गुळाचा खडा खायचा.
न सांगता येतोय त्येचं काय करशीला?"
आम्ही हसायचो. वाटायचं,
पाहुण्यांवरनं बोलते आहे.

महापुराच्या साली वखारीत कमरेएवढं पाणी.
पंचगंगा उतरली तशी पोती गच्चीवर पसरली.
चार उन्हात वास गेला.
वास गेला म्हणजे माल सुधारला, असं भूपालशेठ म्हणाले,
आणि त्यांना खरंच तसं वाटत होतं.
त्या साली निवड महिनाभर चालली.
त्या साली आमच्या घरी दीड पोतं फुकट आलं.

आईनं भाजलं. साल करपेस्तोवर.
"जाळात काय वाचतंय?"
मग लसूण, संकेश्वरी मिरची, खलबत्ता.
भाकरीवर चटणी, चटणीवर कच्चं तेल, दिवाळीपर्यंत.
चव अजून जिभेवर आहे.
ती वाईट नव्हती, हेही लिहायला पाहिजे.

उरलेलं घाण्यावर गेलं. घाण्यातनं पेंड.
पेंड गंगावेशीत, म्हशींपुढं.
कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा पेला
तालमीतनं आलेलं पोरगं एका दमात रिकामा करतं,
ओठावरचा फेस मनगटानं पुसतं.
म्हैस काय निवडणार.

बाबांचे डोळे पिवळे झाले तेव्हा
डॉक्टरांनी दोनदा विचारलं, किती पीत होते?
बाबा चहासुद्धा बशीभरच प्यायचे.
कशानं गेले ते कागदावर नाही. नुसतं 'लिव्हर' लिहिलंय.

मी आता शिरोलीत लॅबला आहे.
दाणे दळायचे, मिथेनॉलात हलवायचे, गाळायचे,
काचेच्या पट्टीवर थेंब ठेवायचा,
अंधार करून जांभळा दिवा लावायचा.
निळा ठिपका उमटतो.
गुजरीत कुणी अंगठीत बसवून मागेल, असा देखणा.
भाजलेल्या दाण्यालाही उमटतो.
पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी परत केला.
मग परत एकदा.

घरी सांगितलं. आईनं सुपातनं मान वर केली नाही.
"पोत्यात किती लागत्यात तसलं?"
मूठभर पुरे, म्हटलं. कधी कधी तेवढेही नाहीत.
"मग माझ्या हातनं सुटलं आसत्याल."

सुटले नव्हते गं.
तू बरोबर ओळखलेस, वेगळे काढलेस,
शेठच्या मालात एक जाऊ दिला नाहीस,
आणि पदरात बांधून आमच्यासाठी आणलेस.

हे मी बोलले नाही.
तिनं सुपातला एक उचलला, उजेडाला धरला,
चावून बघितला.
"ग्वाड हाय," म्हणाली.