तेलाचा हात

हिंगण्याच्या एमआयडीसीत मे महिन्यात
शेडचे पत्रे दुपारी दोनला आपोआप कडकडतात
आणि ड्रममधलं तेल पाण्याच्या वळणावर जातं.
त्या दिवशी बावीस गंज फाटले.
सगळे एकाच जागी, बुडाच्या गोलाईवर,
नखाएवढी चीर.

माझ्या वहीत सगळं होतं :
पत्रा तीनशे चार, जाडी आठ दशांश,
दाब, वेग, तेलाचा नंबर.
स्टीलचा स्वभावही मी शिकून आले होते.
ओढत जावं तसं ते आतून ताठतं,
मग एका क्षणी ऐकतच नाही.
म्हणून म्हटलं, अजून तेल घ्या. वरूनही, खालूनही.
बावीसचे एकतीस झाले.

मोरेश्वर हेडाऊंनी प्रेस थांबवली.
"मॅडम, पंचाले कायले तेल पाजून राहिल्या?"
चिंधीनं पंचाचं नाक कोरडं पुसलं,
डायच्या ओठावर मात्र बोटानं तेल फिरवलं,
बाळाच्या टाळूवर फिरवावं तसं.
"इथून त्याले सरकत येऊ द्या.
अन् तिथं धरून ठेवा.
दोन्हीकडून सुटला तं जाईन कुठं बिचारा?
ताणून ताणून फाटनच."

गोळीबार चौकात त्यांच्या बापाचा माग होता.
पांजणीला खळ, अन् खळीत तेलाचा थेंब.
थेंबच.
जास्त झालं की सुताची गाठ सुटते,
कमी झालं की सूतच तुटतं.
माग भंगारात गेला त्या वर्षी
हे इथं हेल्पर म्हणून लागले.
चिमटीत तेल चोळून म्हणाले,
"हे आज पाणी झालं.
मागच्या सावलीतला ड्रम आना."

प्रेस खाली आली. सावकाश वर गेली.
गंज निघाला, अंगावर तेलाची झाक,
काठाला चार कान उठलेले; ते पुढं कापले जातात.
मी आत बोट फिरवलं. चीर नव्हती.
वहीत लिहायला गेले तर रकाना सापडेना.
समासात लिहिलं : पंच कोरडा. तेल सावलीतलं.
चिमटीचं काय लिहावं ते कळलं नाही.

पुढं साबणाच्या टाकीत सगळं धुऊन जातं.
इतवारीच्या भांडे ओळीत
गिऱ्हाईक टिचकी मारतं, नाद ऐकतं, भाव पाडतं.

रात्री घरी आईनं वरणाचा गंज घासायला दिला.
माझा हात कितीतरी वेळ बुडाच्या गोलाईवरच.
"काय चाचपून राहिली गं?"
काही नाही म्हटलं.