तहेसीनला, चार्ज देताना

ही किल्ली डाव्या कपाटाची. उजव्याची हरवलीय,
ते नुसतं ओढलं तरी उघडतं.
वरच्या कप्प्यात रोलर: दोन इंची, चार इंची, सहा इंची.
बोटाला सहा इंची लावू नकोस;
महापालिकेचं गॉज फुकटचं वाटतं,
पण ऑडिटला वीत-वीत मोजतात.

सुरुवात खालून. नेहमी खालून वर.
घोट्याकडून गुडघ्याकडे, मनगटाकडून कोपराकडे,
रक्ताला घरची वाट दाखवत.
प्रत्येक वेढा मागच्याच्या अर्ध्याअधिक अंगावर,
कौलं शाकारतात तसा.
गाठ जखमेवर कधीच नाही.
बोटांची टोकं उघडी.
नख दाबून बघायचं: पांढरं होतं,
मग गुलाबी परत येतं.
नाही आलं, तर सगळं सोड, पुन्हा बांध.

रविवारी सिंहगड, सोमवारी मंगळवार पेठेत आपल्याकडे.
मुरगळलेल्या घोट्याला आठाचा आकडा घालतात,
पण आपला आठ नाही चालत, तहेसीन,
तो एका अंगानं उघडा राहतो.
इंग्रजी आठ काढ,
तळव्याखालून जाऊन घोट्यावर परत येणारा.
क्रेप आधी ताणून पाहा.
कुणीतरी उन्हात वाळवलेलं असतं,
त्याचा जीव गेलेला असतो.

भाजलेल्यावर कोरडं गॉज ठेवू नकोस.
जखम त्याला धरून बसते,
ओढलंस की नवी साय निघून येते.
मेणचट जाळी आधी, वर सैल पट्टी.
चिकटलंच तर सलाइन ओत आणि थांब.
थांबणं हे कुठल्याच कप्प्यात नाही,
ते तुझं तूच आणायचं.

तिकोनी झोळीत हात टाकलास तर
पंजा कोपरापेक्षा जरा वर ठेव,
आणि गाठ मानेच्या बाजूला; मणक्यावर आली की टोचते.

गुडघ्याखाली कापलेल्या पायाला
शेंड्याशी घट्ट, वर सैल,
नाहीतर पुढं जयपूरचा पाय बसत नाही.
बांधताना तो म्हणेल, बोट खाजतंय.
हसू नकोस, समजावूही नकोस.
मी विचारते, कुठलं?

ताडीवाला रोडवरून एक बाई येते.
भुवईवर तीन टाके.
म्हणाली, पट्टी बारीक लावा, कातडीच्या रंगाची,
मोठी असली की नळावर विचारतात.
मी बारीक लावली.
दुसऱ्या खेपेला टाके दुसऱ्या भुवईवर होते.
तिच्यासाठी खणात एका चिठ्ठीवर
एक फोन नंबर लिहून ठेवलाय.
तिनं अजून मागितलेला नाही.

तुला एक सांगते, कुणाला बोलू नकोस:
माझ्या घरी एकही पट्टी नाही.
परवा विळीवर भोपळा चिरताना अंगठा कापला,
हळद दाबली, जुन्या परकराची चिंधी गुंडाळली,
आणि एकतीस वर्षांची नोकरी असून
गाठ बरोबर जखमेवर आली.

राहिला बिभीषण.
मार्केट यार्डात हमाल, उजवा पंजा,
कांद्याच्या गोणीचा सुतळीकाप, पिकला होता चांगलाच.
माघात बरा झाला.
तरी दर शनिवारी येतो, स्टुलावर बसतो, हात पुढं करतो.
पट्टी दिसली की मुकादम वजनकाट्यावर बसवतो,
नाहीतर परत पाठीवर गोणी,
आणि पाठीला काय झालंय
ते दाखवायला त्याला सवड नाही.

मी चार इंची घेते. खालून वर.
खाली कोरडी, धडधाकट कातडी,
तरी वेढा सरळ आला पाहिजे.
नख दाबते. गुलाबी परत येतं.
तो आपल्या बोटाकडे असा बघतो
जसं ते दुसऱ्या कुणाचं आहे.

या शनिवारी मी नसेन.
बांध, नाहीतर बांधू नकोस; कपाट आता तुझं.
रजिस्टर इथं आहे, पेन दोरीला बांधलेलं.
त्याच्या नावापुढं, कारणाच्या रकान्यात
मी आजवर लिहीत आले:
जखम, जुनी.